जामनदीचे गोटे आणि ग्रीस-रोमचे आखाडे

पोळ्याचे बैल घरी परतले, पुरणपोळीचा घास त्यांच्या मुखी गेला, की आपल्या मुलुखात दुसऱ्या दिवसाची चाहूल लागते. नागपुरात काळी-पिवळी मारबत निघण्याची तयारी चाललेली असते, पोरे तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी पुसून ठेवतात, आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांवर गोटे गोळा झालेले असतात. त्या रात्री डॉक्टरांच्या घरीही एक तयारी चालते. टाक्यांचे सामान, गॉजचे गठ्ठे, धनुर्वाताची इंजेक्शने मोजून ठेवावी लागतात. गेली कित्येक वर्षे हा दिवस जवळून पाहिल्यावर, आणि फावल्या वेळी प्राचीन वैद्यकाचा इतिहास वाचण्याचा छंद असल्यामुळे, या दोहोंची सांगड घालावी असे वाटले. त्यातून हा लेख झाला आहे.

गोटमार म्हणजे काय हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. परंतु स्मरणिका दूरच्या सोयऱ्यांच्या हातीही पडते, म्हणून थोडक्यात सांगतो. आपला पोळा श्रावणी अमावास्येचा. हिंदी पंचांगाप्रमाणे तीच भाद्रपद अमावास्या. तिच्या दुसऱ्या दिवशी सावरगावच्या बाजूने पळसाचे झाड जामनदीच्या पात्रात रोवले जाते आणि त्यावर झेंडा बांधतात. सावरगावातील एका घराण्याकडे हा मान परंपरेने चालत आला आहे. पूजा होते आणि मग दोन्ही काठांवरून दगडफेक सुरू होते. पांढुर्ण्याच्या मंडळींनी झाड तोडून झेंडा हस्तगत करावयाचा आणि सावरगावकरांनी त्यांना रोखावयाचे, असा हा खेळ. सायंकाळपर्यंत निकाल लागला नाही तर समेट होतो आणि झाड चंडीमातेच्या मंदिरात अर्पण केले जाते. यामागची कथा सर्वांच्या तोंडी आहे. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून आणली; नदी ओलांडताना सावरगावकरांनी त्यांच्यावर दगड टाकले, पांढुर्णेकर त्यांच्या बचावास धावले आणि ते प्रेमी जीव पात्रातच संपले. कोणी हीच कथा गावांची अदलाबदल करून सांगतात, तर कोणी भोसल्यांच्या सैन्याच्या युद्धसरावाशी तिचा संबंध जोडतात. लेखी पुरावा कशालाच नाही.

बाहेरच्या माणसाला हा प्रकार जगावेगळा वाटतो. वृत्तवाहिन्यांवर दरवर्षी 'जगातील एकमेव' असे विशेषण लावून तो दाखवला जातो. वस्तुतः तो एकमेव नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पॉसॅनिअस नावाच्या प्रवाशाने ग्रीस पायी पालथा घातला आणि गावोगावची देवळे, पुतळे, जत्रा व दंतकथा लिहून ठेवल्या. ट्रोझेन या गावाविषयी तो सांगतो की, क्रीट बेटावरून दोन कुमारिका तेथे आल्या. त्यांची नावे डामिया आणि ऑक्झेसिया. त्या वेळी गावात दोन तट पडून दंगल माजली होती आणि त्या धुमश्चक्रीत एका तटाने या दोघींनाही दगडांनी ठेचून मारले. पुढे त्यांच्या स्मरणार्थ गावाने उत्सव सुरू केला. त्या उत्सवाचे नाव 'लिथोबोलिया', म्हणजे शब्दशः गोटमार! अथेन्सजवळच्या एल्युसिस येथेही डेमोफॉन या बालवीराच्या नावाने अशीच एक लुटुपुटुची लढाई होत असे. निरपराध जिवांचा दगडांनी झालेला अंत, त्याचे गावाच्या मनावर राहिलेले ओझे आणि ते वर्षातून एकदा दगडांनीच उतरविणे, हा धागा जामनदीपासून ट्रोझेनपर्यंत सारखाच दिसतो. एकाने दुसऱ्याकडून घेतले असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. माणसाचे मन सर्वत्र सारख्या वाटांनी चालते, इतकेच.

खेळ आणि मृत्यू यांचे नाते ग्रीकांना नवीन नव्हते. 'इलियड' महाकाव्याच्या तेविसाव्या सर्गात अकिलीसने आपला मित्र पॅट्रोक्लस याच्या अंत्यविधीनंतर रथांच्या शर्यती, मुष्टियुद्ध, कुस्ती व धावण्याच्या स्पर्धा भरविल्या. प्रेताभोवती शोक करता करता सुरू झालेले हे सामने पुढे देवांच्या नावाने भरू लागले. ऑलिंपियाच्या स्पर्धांचा पारंपरिक आरंभ इ.स.पू. ७७६ हा मानतात. सुरुवातीची शर्यत एकच होती, सुमारे १९२ मीटरच्या धावेची, आणि विजेत्याला मिळे ती रानऑलिव्हच्या पानांची माळ. आपण शाळेत एवढेच शिकतो आणि ग्रीक खेळ म्हणजे सौंदर्य, संयम व शांतता असे चित्र मनात रंगवतो.

ते चित्र अपुरे आहे. मुष्टियोद्धे हातांना चामड्याच्या वाद्या गुंडाळीत. पँक्रेशन या प्रकारात चावणे आणि डोळ्यांत बोटे घालणे एवढेच काय ते वर्ज्य होते. इ.स.पू. ५६४ मध्ये आरिकिऑन नावाच्या मल्लाचा प्रतिस्पर्ध्याने गळा आवळला. त्याही स्थितीत याने त्याच्या पायाचे बोट मोडले. वेदनेने त्याने हार पत्करली त्याच क्षणी आरिकिऑनचा प्राण गेला आणि विजयाची माळ त्याच्या प्रेताला घातली गेली. मात्र याच ग्रीकांनी मर्यादाही घालून दिली होती. नेमिया येथे डॅमॉक्झेनॉसने प्रतिस्पर्धी क्रूगसच्या कुशीत ताठ बोटे खुपसून आतडी बाहेर काढली. पंचांनी त्याला हाकलून लावले आणि मेलेल्या क्रूगसला विजयी ठरवले. खेळात मृत्यू घडला तर चालेल, पण नियम मोडून घडलेला चालणार नाही, असा तो न्याय होता. आपल्याकडेही गोफणीने दगड भिरकावणे निषिद्ध मानले आहे; हाताने फेकलेला गोटा मात्र चालतो. ही मर्यादा पाळली जाते असे मात्र जखमांवरून म्हणवत नाही.

स्पार्टातील एका खेळाचे वर्णन वाचताना तर मला जामनदीचे पात्रच डोळ्यांपुढे दिसले. चिनार जातीच्या वृक्षांनी वेढलेली एक जागा, भोवती पाण्याचा खंदक, आणि आत जाण्यासाठी पूल. एका पुलावर हेराक्लीसची मूर्ती, दुसऱ्यावर स्पार्टाचा कायदेकर्ता लायकर्गस याची. आदल्या रात्री बळी द्यावयाचा आणि दुसऱ्या दिवशी तरुणांच्या दोन तुकड्यांनी दोन बाजूंनी आत शिरून एकमेकांना पाण्यात लोटावयाचे. हाताने, लाथांनी, दातांनी, नखांनी, काहीही वर्ज्य नाही. रोमचा वक्ता सिसेरो याने ही झुंज स्वतः पाहिली होती. मरतील पण हरलो म्हणणार नाहीत, असा शेरा त्याने मारला आहे. पूजा, पाणी, झाडे, दोन तट आणि माघार न घेण्याची ईर्षा, सारे तेथे होते. आणखी एक गोष्ट तेथे घडली. त्याच स्पार्टात आर्टेमिस देवीच्या वेदीपुढे मुलांना फटके मारण्याचा जुना विधी होता. रोमन अमलात तो पाहण्यास दूरदूरचे प्रवासी येऊ लागले आणि तिसऱ्या शतकात वेदीसमोर त्यांच्यासाठी दगडी आसनांची गॅलरी बांधण्यात आली. ज्या दिवशी प्रेक्षकांसाठी आसने बांधली गेली, त्या दिवशी तो विधी राहिला नाही, तमाशा झाला, असे माझे मत आहे. नदीकाठच्या गच्च्यांवर त्या दिवशी जी गर्दी होते आणि आता भ्रमणध्वनीवरून जे चित्रण दूरवर जाते, ते पाहताना मला त्या आसनांची आठवण होते.

रोमकडे वळू. तेथेही आरंभ अंत्यविधीतूनच झाला. इ.स.पू. २६४ मध्ये ब्रूटस पेरा याच्या मुलांनी पित्याच्या स्मरणार्थ गुरांच्या बाजारात तीन जोड्या लढविल्या. ग्लॅडिएटरांची ही पहिली नोंद. पुढे तीन जोड्यांच्या तीनशे झाल्या, मृताचे स्मरण निमित्तापुरते राहिले आणि खेळ देणारा माणूस मते मागू लागला. अखेर इ.स.पू. ६३ मध्ये सिसेरोनेच कायदा केला की, निवडणुकीस उभे राहणाऱ्याने आधीच्या दोन वर्षांत असे खेळ भरवू नयेत. यावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही. वाचक सुज्ञ आहेत. इसवी सन ८० मध्ये टायटस बादशहाने कोलोसियमचे उद्घाटन केले तेव्हा शंभर दिवस खेळ चालले. ग्रीसमध्ये लढणारा नागरिक होता, त्याचा पुतळा उभारला जाई. रोममध्ये लढणारा बहुधा गुलाम अथवा कैदी असे आणि कायद्याने तो अप्रतिष्ठित गणला जाई. लोक त्याच्यावर जीव टाकीत, पण त्याला पंगतीस घेत नसत. खेळ कोणाच्या शरीरावर खेळला जातो, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. त्या दिवशी माझ्यापुढे डोके धरून बसणारे तरुण बहुतांशी मजुरी करणारे अथवा लहान शेतकऱ्यांच्या घरचे असतात. सुखवस्तू घरांतील मुले गच्चीवर असतात. हे निरीक्षण एका दवाखान्यापुरते आहे, हेही मान्य करतो.

आपल्याशी सर्वांत जुळणारी रोमन घटना मात्र पाँपेई येथील आहे. इसवी सन ५९ मध्ये तेथील रंगमंडलात ग्लॅडिएटरांचे सामने चालू होते. शेजारच्या न्यूसेरिया गावाचे लोकही पाहण्यास आले होते. टॅसिटस हा इतिहासकार सांगतो की, आधी टोमणे झाले, मग शिव्या, मग दगड आणि शेवटी तलवारी. न्यूसेरियाचे पुष्कळ लोक घायाळ झाले, कित्येकांना आईबाप वा मुले गमवावी लागली. रोमच्या सीनेटने पाँपेईत असे मेळे भरविण्यास दहा वर्षांची बंदी घातली आणि खेळाच्या आयोजकास हद्दपार केले. पाँपेईच्या एका घराच्या भिंतीवर या दंगलीचे चित्र सापडले असून ते आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. कोणीतरी ती लाज, अथवा तो अभिमान, आपल्या घरात रंगवून घेतला होता!

बंदीचा मार्ग आपल्याकडेही चोखाळून झाला आहे. जमावबंदीचे आदेश निघतात. दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते लोकांनी बाजूला सारले. १९७८ आणि १९८७ या वर्षी पोलिसांवर गोळीबाराची पाळी आली. पांढुर्णा २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा निघून जिल्हा झाला, सौंसरही त्यात आले. प्रशासन दारात आले, पण गोटे थांबले नाहीत. दरवर्षी शेकडो लोक जखमी होतात, आणि १९५५ पासून तेराच्या आसपास माणसे दगावल्याचे वृत्तपत्रांतून येते. जामनदीचा हा दिवस रोमच्या मानाने सौम्य आहे, असे म्हणून मन शांत करता येते. पण ज्या घरातला मुलगा गेला त्या घराला रोमशी तुलना करून काय मिळणार?

आता आपल्या व्यवसायाकडे येतो, कारण मला खरे लिहावयाचे आहे ते याविषयी. इसवी सन १५७ मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, गेलन आपल्या पर्गमम या गावी परतला आणि तेथील मुख्य पुजाऱ्याने त्याला ग्लॅडिएटरांचा वैद्य नेमले. ही निवड कशी झाली ते त्याने स्वतःच सांगितले आहे. त्याने एका माकडाचे पोट फाडून आतडी बाहेर काढली आणि जमलेल्या वैद्यांना ती जागेवर घालून शिवण्याचे आव्हान दिले. कोणी पुढे आले नाही, तेव्हा याने ते करून दाखवले. नम्रपणा हा गेलनचा गुण नव्हता. पण काम मात्र त्याने मनापासून केले. जखमेवर तुरट मद्यात भिजविलेले फडके ठेवून ते रात्रंदिवस ओले राखणे, तुटलेले स्नायू व्यवस्थित शिवणे, रुग्णाच्या आहाराकडे लक्ष देणे, हे त्याने तेथे केले आणि आपल्या हाती फार थोडे दगावले असे अभिमानाने लिहून ठेवले. ग्लॅडिएटरांना सातूची पेज आणि घेवडा खाऊ घालीत. त्याने शरीर घट्ट न होता सैल फुगते, अशी त्याची तक्रार होती. जखमांमधून त्याला जिवंत माणसाचे स्नायू आणि नसा पाहावयास मिळाल्या.

याला पुरावा जमिनीतूनही मिळाला आहे. १९९३ मध्ये तुर्कस्तानातील एफेसस येथे ग्लॅडिएटरांचे दफनस्थान सापडले. व्हिएन्नाच्या तज्ज्ञांनी तेथील हाडे तपासली. काही कवट्यांवर जीवघेणे घाव होते, तर काहींवरचे घाव भरून आलेले होते, म्हणजे कोणी तरी त्यांची निगा राखली होती. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक तपासणीत आहार मुख्यतः धान्य-कडधान्यांचा असल्याचे दिसले, आणि हाडांतील स्ट्राँशियमचे अधिक प्रमाण पाहून ते राखेचे पेय घेत असावेत असा निष्कर्ष निघाला. प्लिनीनेही ग्लॅडिएटरांच्या या राखेच्या पेयाचा उल्लेख केला आहे. चंडीमातेच्या होमाचे भस्म लावले की गोट्याची जखम बरी होते, ही आपल्याकडची श्रद्धा ऐकून हसणाऱ्या तरुण सहकाऱ्यांनी हे जरूर वाचावे. अर्थात, भस्म कपाळी लावावे; जखमेत भरू नये, ही विनंती मी दरवर्षी करतो आणि ती दरवर्षी निम्मी ऐकली जाते.

गेलनविषयी एक विचार माझी पाठ सोडत नाही. शिकविलेला ग्लॅडिएटर ही मालकाची मोठी गुंतवणूक होती. गेलनने त्याला वाचविले, तो बरा झाला आणि पुन्हा रिंगणात गेला. वैद्य जितका कुशल, तितका खेळ स्वस्त आणि दीर्घायुषी. हाच गेलन अन्यत्र धंदेवाईक मल्लांच्या जीवनक्रमावर कठोर टीका करतो आणि लहान चेंडूने खेळण्याच्या व्यायामाची तोंड भरून स्तुती करतो. पण रिंगणाच्या कडेला उभे राहण्याचे काम त्याने नाकारले नाही. मग आमचे काय? नदीकाठी शिबिर लावून, टाके घालून आम्ही माणसे वाचवितो, की 'डॉक्टर आहेतच' हा दिलासा देऊन गोटमार चालू ठेवतो? एकदा टाके घालून पट्टी बांधलेला तरुण, मी थांब म्हणत असतानाही, 'साहेब, झेंडा अजून उभा आहे' म्हणून परत पात्राकडे गेला. त्याला मी अडवू शकलो नाही. पुढच्या वर्षी शिबिरास जाऊ नये असे मनात आले होते. गेलो. रक्त वाहत असलेल्या माणसास त्याच्या मूर्खपणाची शिक्षा म्हणून दार बंद करणे आपल्या व्यवसायात बसत नाही. पण जाताना प्रश्न सुटला असे समजून गेलो नाही.

शेवटी एका प्राचीन रुग्णाची हकिगत सांगतो. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या रुग्णटिपणांत ऑटोनोमस नावाच्या माणसाची नोंद आहे. ऐन उन्हाळ्यात, हाताने फेकलेला दगड त्याच्या डोक्याच्या मधोमध, कवटीच्या सांध्यांवर लागला. सोळाव्या दिवशी तो वारला. वैद्याने लिहून ठेवले आहे की, कवटीस छिद्र पाडावयास हवे होते हे माझ्या लक्षात आले नाही. सांध्यांच्या रेषांनी मला फसविले, हाडाची चीर मला सांधाच वाटली. पुढे रोमन लेखक सेल्सस याने, थोर माणसासच अशी कबुली देता येते, या आशयाचे उद्गार काढून या प्रांजळपणाचा गौरव केला. 'डोक्यावरील जखमा' या हिपोक्रेटिक ग्रंथातही सांगितले आहे की, गोल, गुळगुळीत, बोथट आणि जड वस्तू सरळ येऊन आदळली तर हाड ठेचते व आत दबते. जामनदीच्या गोट्याचे याहून नेमके वर्णन कोणते असेल?

म्हणून सहकाऱ्यांना आणि घरच्या मंडळींनाही सांगणे आहे. टाळू फुटून रक्ताने माखलेला मनुष्य भयंकर दिसतो, पण त्याचे बहुधा टाक्यांवर भागते. भीती असते ती कानाच्या वर लहानशी सूज घेऊन हसत बोलणाऱ्याची. तेथील हाड पातळ, आणि त्याच्या आतून धमनी जाते. ती फाटली तर काही तास मनुष्य ठणठणीत असतो आणि मग झोपाळू होतो. घरचे म्हणतात, दिवसभर दमला, झोपू द्या. उलटी, वाढती डोकेदुखी, बरळणे, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, झटका, कानानाकातून पातळ पाणी येणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. त्या रात्री दर तासा-दोन तासांनी त्याला हाक मारून पूर्ण जागे करावे आणि नाव-गाव विचारावे. अशा माणसास दारू पिऊ देऊ नये, कारण मग शुद्ध हरपली ती कशाने हे कोणासच कळत नाही. डोळ्यावर गोटा लागला असेल तर डोळा चोळू नये, दाबून पट्टी बांधू नये; वरून कागदी पेला उपडा ठेवून चिकटपट्टीने धरावा आणि तसेच पाठवावे. पांढुर्ण्याहून नागपूर सुमारे शंभर किलोमीटर आहे, सौंसरहून त्याहून जवळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी रस्त्यावर गर्दी असते, हे धरून तासभर आधी निघावे.